पुस्तक सर्वांचे केव्हा होते?

साने गुरुजींचे 'श्यामची आई' आज निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्यांमध्ये मिळते. एखाद्या शिक्षकाला त्यातली एखादी 'रात्र' नाट्यरूपात बसवायची असेल, अंध मुलांसाठी तिचे ध्वनिमुद्रण करायचे असेल किंवा सारे पुस्तक छापून गावात वाटायचे असेल, तर कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. ही मोकळीक १ जानेवारी २०११ पासूनची आहे. गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजतात आणि ती संपली की पुस्तकावरचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, संपतो. त्यानंतर ते पुस्तक सर्वांचे होते.

पण ही मुदत पूर्वी साठ नव्हे, पन्नास वर्षांची होती. तेवढीच राहिली असती तर 'श्यामची आई' २००१ च्या पहिल्या दिवशीच मोकळी झाली असती. मधली दहा वर्षे वाढली त्याचा गुरुजींशी काही संबंध नव्हता. ती वाढली दुसऱ्या एका थोर लेखकासाठी, आणि त्याच्याबरोबर देशातल्या प्रत्येक पुस्तकाला लागू झाली. हे कसे घडले, आणि मुळात अशी मुदत ठेवण्यामागे विचार काय होता, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण या मुदतीचा भार सर्वांत जास्त वर्गावर आणि शाळेच्या ग्रंथालयावर पडतो.

आरंभीच एक खुलासा. स्वामित्वहक्क कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. न्यूटनचे नियम कोणाच्याही मालकीचे नाहीत. ते समजावून सांगणाऱ्या पुस्तकातली वाक्ये आणि आकृत्या मात्र लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या मालकीच्या असतात. विज्ञानाचे ज्ञान मोकळे आणि ते पोहोचवणारे पुस्तक बंद, अशी ही स्थिती आहे.

विद्येच्या उत्तेजनासाठी

लेखकाला हक्क देणारा पहिला आधुनिक कायदा इंग्लंडमध्ये १७१० साली आला. राणी ॲनच्या कारकिर्दीतला म्हणून तो तिच्या नावाने ओळखला जातो. त्यापूर्वी छपाईची मक्तेदारी लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघाकडे होती. १५५७ मध्ये राजाज्ञेने ती त्यांना मिळाली होती, आणि सरकारला नको असलेली पुस्तके रोखण्याचे कामही त्याबरोबर होत असे. १६९५ मध्ये छपाईपरवान्याचा कायदा संपला आणि ही घडी मोडली.

नव्या कायद्याच्या शीर्षकातच त्याचा हेतू सांगितला होता: विद्येला उत्तेजन देणे. नव्या पुस्तकावर चौदा वर्षे हक्क, आणि तोवर लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षे. जास्तीत जास्त अठ्ठावीस. हा एक सौदा होता. समाज लेखकाला म्हणत होता, 'तू लिही. काही वर्षे तुझ्याशिवाय कोणी छापणार नाही, तेवढ्यात तुझ्या कष्टाचे मोल मिळव. मग पुस्तक आमच्या हवाली कर.' सौद्याला दोन अंगे होती. पुढे पहिल्या अंगाचीच आठवण राहिली आणि दुसरे विसरले गेले.

लंडनच्या विक्रेत्यांना मुदत मान्य नव्हती. पुस्तकावरचा हक्क घराजमिनीसारखा कायमचा असतो, असा त्यांचा दावा होता. १७६९ मध्ये एका न्यायालयाने तो मान्यही केला. परंतु एडिंबराचा पुस्तकविक्रेता अलेक्झांडर डोनाल्डसन मुदत संपलेली पुस्तके स्वस्तात छापून विकत होता. त्याच्यावरचा खटला उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला. फेब्रुवारी १७७४ मध्ये तेथे निर्णय झाला, की छापलेल्या पुस्तकावरचा हक्क कायद्याने दिला तेवढाच आणि तेवढीच वर्षे. त्यानंतर जुन्या इंग्रजी कवींच्या आणि नाटककारांच्या स्वस्त आवृत्त्या निघू लागल्या आणि साध्या कारागिराच्या घरीही पोहोचू शकल्या. पुस्तक सर्वांचे होणे ही कायद्यातली उणीव नसून कायद्याचे उद्दिष्ट आहे, हे त्या निर्णयाने पक्के झाले.

मेकॉलेची दुसरी ओळख

मेकॉलेचे नाव आपल्या शिक्षकांना १८३५ च्या टिपणामुळे ठाऊक आहे, आणि ते फारशा प्रेमाने घेतले जात नाही. हिंदुस्थानातून परतल्यावर, ५ फेब्रुवारी १८४१ रोजी, त्याने ब्रिटिश संसदेत एक निराळे भाषण केले. टालफर्ड नावाच्या सभासदाने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क चालू ठेवावा असे विधेयक आणले होते. मेकॉलेने त्याला विरोध केला.

त्याच्या म्हणण्याचा आशय असा. लेखकांना मोबदला मिळालाच पाहिजे, पण स्वामित्वहक्क ही मक्तेदारी आहे. मक्तेदारीने वस्तू महाग होते, आणि तो वाढीव पैसा म्हणजे वाचकांवरचा कर आहे. चांगल्या हेतूसाठी हा कर सोसावा, परंतु हेतू साधण्यास लागेल त्याहून एक दिवसही जास्त नाही. त्याने डॉ. जॉन्सनचे उदाहरण दिले. जॉन्सन वारून छप्पन्न वर्षे झाली होती. टालफर्डचा कायदा आधीपासून असता, तर जॉन्सनच्या ग्रंथांची मालकी कोणा एका पुस्तकविक्रेत्याकडे असती. आपल्यामागे साठ वर्षे कोणीतरी पैसे मिळवील, या विचाराने हयातीत गरिबी सोसणाऱ्या जॉन्सनला एखादी ओळ जास्त लिहावीशी वाटली असती काय?

विधेयक पडले. १८४२ मध्ये तडजोड झाली: बेचाळीस वर्षे, किंवा मृत्यूनंतर सात वर्षे, यांपैकी जी मुदत मोठी ती. पाचच वर्षांनी, १८४७ मध्ये, कंपनी सरकारने हिंदुस्थानासाठी याच धर्तीचा कायदा केला. मेकॉलेने १८४१ मध्ये अवाजवी म्हणून फेटाळायला लावलेली मृत्यूनंतरची साठ वर्षे हीच आज आपल्या देशात चालू असलेली मुदत आहे.

भाषांतराची मोकळीक

आता या कथेचा मराठीशी थेट संबंध येतो. १८४७ च्या कायद्यात भाषांतराचा स्पष्ट उल्लेख नव्हता. १८९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला, आणि भाषांतर केल्याने मूळ पुस्तकाच्या हक्काचा भंग होत नाही असा निर्णय झाला. त्या काळात शास्त्रीय विषयांवरचे पुष्कळसे मराठी लेखन इंग्रजी पुस्तकांच्या आधाराने होत होते. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांसारखे शिक्षक रसायन आणि पदार्थविज्ञान मराठीत आणत होते. देशी भाषांत शास्त्र येण्याच्या त्या घडीला भाषांतराच्या वाटेवर जकातनाका नव्हता.

१९११ मध्ये ब्रिटनने मुदत वाढवून मृत्यूनंतर पन्नास वर्षे केली. युरोपातील देशांनी १८८६ मध्ये बर्न येथे केलेल्या करारातून ही दिशा आली होती. पण त्या कायद्यात एक शहाणी तरतूद होती. मृत्यूनंतरची पंचवीस वर्षे उलटली, की कोणीही रीतसर सूचना देऊन आणि किमतीच्या दहा टक्के मानधन भरून पुस्तक पुन्हा छापू शकत असे. वारसाला पैसे मिळत, आणि पुस्तक कोणाला अडवताही येत नसे. १९१४ मध्ये हा कायदा काही फेरफारांसह हिंदुस्थानाला लागू झाला. त्यात इथल्यासाठी एक खास कलम होते: येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा हक्क फक्त दहा वर्षे. तेवढ्या काळात लेखकाने एखाद्या भाषेत भाषांतर करवले नाही, तर त्या भाषेत कोणीही ते करावे. अनेक भाषांच्या देशाला हा नियम साजेसा होता.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५७ च्या कायद्यात ही सरसकट मोकळीक राहिली नाही. तिच्या जागी परवाना आला: प्रकाशनाला सात वर्षे झाल्यावर भाषांतरासाठी अर्ज करावा. पुढे १९६७ मध्ये स्टॉकहोम येथे बर्न कराराची फेरतपासणी झाली, तेव्हा नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी शिक्षणासाठी सवलती मागितल्या. या मागणीत भारत पुढे होता. श्रीमंत देशांतील प्रकाशकांनी जोरदार विरोध केला. अखेर १९७१ मध्ये पॅरिस येथे बऱ्याच अटी घातलेली तडजोड झाली, आणि ती १९८३ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आली.

ही तरतूद फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. परदेशी पुस्तकाचे अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी भाषांतर करायचे असेल, तर प्रकाशनानंतर तीन वर्षांनी परवाना मागता येतो. आणि भाषांतराची भाषा कोणत्याही विकसित देशात सर्वसाधारण वापरात नसेल, तर एकाच वर्षाने मागता येतो. मराठी याच वर्गात मोडते. अडचण आहे ती प्रक्रियेची. मूळ मालकाकडे परवानगी मागितल्याचा व ती न मिळाल्याचा पुरावा द्यायचा, फी भरायची, मानधन ठरवून घ्यायचे. हे अर्ज ऐकणारे मंडळ आता राहिलेले नाही, आणि २०२१ पासून ते काम न्यायालयांकडे गेले आहे. शे-दोनशे पानांच्या विज्ञानपुस्तकासाठी कोणता शिक्षक न्यायालयाची पायरी चढेल? म्हणजे दार आहे, पण त्याची कडी सामान्य माणसाचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर आहे.

टागोरांची दहा वर्षे

रवींद्रनाथ टागोर ७ ऑगस्ट १९४१ रोजी वारले. पन्नास वर्षांच्या नियमाने त्यांचे साहित्य १९९१ च्या अखेरीस मोकळे होणार होते. त्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते. मुदत संपली की कवीच्या साहित्याची मोडतोड होईल, अशी चिंता व्यक्त झाली आणि मुदत वाढवण्याची मागणी पुढे आली. एका लेखकापुरता कायदा करणे योग्य नव्हते, म्हणून सर्वांचीच मुदत साठ वर्षे करण्याचे ठरले. १९९१ चे वर्ष संपायला अवघे तीन-चार दिवस असताना ही वाढ अमलात आली, आणि १९९२ मध्ये तिचा कायदा झाला.

टागोरांच्या साहित्याविषयीची आस्था खरी होती, यात शंका नाही. पण औषध चुकले. मजकुराची विटंबना रोखण्याचा हक्क हा पैशाच्या हक्काहून वेगळा असतो, आणि आपल्या कायद्यात तो वेगळ्या कलमात दिलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर त्या हक्कावरची मुदतीची अटही काढून टाकली. लेखकाच्या नावाला बाधा येईल असा बदल करणाऱ्याला रोखण्यासाठी लाखो पुस्तकांना आणखी दहा वर्षे कुलूप घालण्याची गरज नव्हती. एका वाड्याच्या रक्षणासाठी साऱ्या गावाच्या गायरानाला कुंपण पडले.

हे भारतातच घडले असे नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये मुदत वीस वर्षांनी वाढवली. त्यामुळे १९२३ साली प्रसिद्ध झालेली पुस्तके १९९९ ऐवजी १ जानेवारी २०१९ रोजी मोकळी झाली. या वाढीला तेथील सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण २००३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी वाढ कायम राहिली. त्या खटल्यात सतरा अर्थशास्त्रज्ञांनी वाढीविरुद्ध निवेदन दिले होते, आणि त्यांपैकी पाच नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आठवी-नववीच्या गणितात बसतो. तोच आपण आपल्या उदाहरणाने पाहू.

चक्रवाढ व्याज आणि पिवळा कागद

समजा, एका लेखकाने १९६० मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, खगोलशास्त्रावर मराठी पुस्तक लिहिले आणि २००५ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. आजच्या नियमाने ते पुस्तक १ जानेवारी २०६६ रोजी मोकळे होईल, म्हणजे प्रकाशनानंतर १०६ वर्षांनी. राणी ॲनच्या कायद्याने ते १९८८ मध्येच मोकळे झाले असते.

१९९२ मध्ये वाढलेली दहा वर्षे या पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशनानंतर सुमारे ९५ वर्षांनी सुरू होतात. त्या वेळी मिळणाऱ्या १००० रुपयांचे लिहितानाच्या दिवशी मोल किती? दरसाल सात टक्के चक्रवाढ धरली, तर ९५ वर्षांत एका रुपयाचे सुमारे ६१९ रुपये होतात. म्हणजे त्या हजार रुपयांची लिहितानाची किंमत सुमारे १ रुपया ६० पैसे. एवढ्यासाठी कोणी पुस्तक लिहील काय? शिवाय ज्यांनी आधीच लिहिले आणि जे निवर्तले, त्यांना आणखी लिहिण्याचे उत्तेजन देता येत नाही. हे गणित वर्गात जरूर घालावे. व्याजाच्या प्रकरणाला इतके जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसऱ्या बाजूला खर्च पाहू. अमेरिकेत पूर्वी अठ्ठावीस वर्षांनी हक्काचे नूतनीकरण करावे लागे. तेथील कार्यालयाने १९६० च्या सुमारास केलेल्या पाहणीत दिसले, की पंधरा टक्क्यांहूनही कमी हक्कांचे नूतनीकरण होत होते. म्हणजे बहुसंख्य मालकांना अठ्ठावीस वर्षांनंतर हक्काची गरजच वाटत नव्हती. आजच्या कायद्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही. विकली न जाणारी, पुन्हा न छापली जाणारी आणि मालकाचा पत्ता न लागणारी पुस्तकेही साठ वर्षांच्या कुलपात राहतात.

आणि ती वाट पाहू शकत नाहीत, कारण कागद वाट पाहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला. शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि ॲल्युमिनियम सल्फेट घालत. हवेतल्या ओलाव्याने या सल्फेटापासून आम्ल तयार होते, आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जाते. लगद्यात राहिलेले लिग्निन उजेडात पिवळे पडते. काही दशकांत पान ठिसूळ होऊन दुमडताच तुटते, आणि कोकणासारख्या उष्ण व दमट हवेत हे आणखी लवकर होते. १९५० ते १९७० या काळात स्वस्त कागदावर छापलेली कित्येक मराठी विज्ञानपुस्तके जुन्या शालेय ग्रंथालयांत या अवस्थेला पोहोचली आहेत. त्यांचा हक्क संपण्याच्या आधी त्यांची पाने संपतील.

याउलट शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ पाहा. दीक्षित शिक्षकी पेशातले. ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८९८ मध्ये ते वारले. ग्रंथ केव्हाच मोकळा झाल्यामुळे आज कोणीही तो छापावा, संगणकावर चढवावा किंवा त्यातले उतारे घेऊन शाळेसाठी पुस्तिका करावी. भारत सरकारने १९६९ आणि १९८१ मध्ये दोन भागांत त्याचे इंग्रजी भाषांतर काढले, त्यामुळे देशोदेशीच्या अभ्यासकांना तो वाचता आला. दीक्षितांच्या कीर्तीला यामुळे कोठे बाध आला नाही.

काय बदलता येईल

स्वामित्वहक्क नकोच, असे माझे म्हणणे नाही. मराठी लेखकाला मिळणारे मानधन मुळात तुटपुंजे असते, आणि ते त्याच्या हयातीत सुरक्षित असलेच पाहिजे. प्रश्न आहे तो मृत्यूनंतरच्या दीर्घ शेपटाचा.

पहिली गोष्ट, मुदत पुन्हा पन्नास वर्षांवर आणावी. बर्न करार आणि जागतिक व्यापार संघटनेचे १९९५ पासूनचे नियम पन्नासच वर्षे मागतात. वरची दहा आपण स्वखुशीने दिली आहेत. ते एकदम जमणार नसेल, तर भारतीय लेखकांच्या बाबतीत शेवटची दहा वर्षे अर्ज करणाऱ्यालाच द्यावीत. ज्या वारसाला पुस्तकाची किंमत आहे तो अर्ज करील. बाकीची पुस्तके आपोआप मोकळी होतील.

दुसरी गोष्ट, बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांसाठी १९११ ची ती पंचवीस वर्षांची आणि दहा टक्क्यांची पद्धत पुन्हा विचारात घ्यावी. मालकाचा पत्ता नसेल तर मानधन ठरलेल्या खात्यात भरावे आणि पुस्तक छापावे. आजही अशा पुस्तकांसाठी परवाना मागता येतो, पण ती वाटही भाषांतराच्या परवान्याइतकीच खडतर आहे.

तिसरी गोष्ट सार्वजनिक पैशाची. सरकारी प्रकाशनावरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. अमेरिकेत संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेले लेखन पहिल्या दिवसापासून सर्वांचे असते. नकाशे, अहवाल, कोश, पाठ्यपुस्तके जनतेच्या पैशाने होत असतील, तर जनतेने ती पुन्हा वापरण्यासाठी परवानगी का मागावी? आम्हा संशोधकांचीही गोष्ट अशीच आहे. शोधनिबंध आम्ही सरकारी पगारात लिहितो, परीक्षणही बहुधा फुकट करतो, आणि हक्क प्रकाशकाला लिहून देतो. मग तेच निबंध वाचण्यासाठी देश पुन्हा पैसे मोजतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीसाठी तीन वर्षांचे ६००० कोटी रुपये मंजूर केले. सोय चांगली आहे, पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. शाळेतला विज्ञानशिक्षक तिच्या बाहेरच आहे.

कायदा बदलेपर्यंत हातात काय आहे, तेही सांगितले पाहिजे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत करणे हा भंग नाही, असे आपला कायदा म्हणतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या तरतुदीचा उदार अर्थ लावला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडून दिला. धड्यासाठी लागणारी पाने काढून देताना घाबरण्याचे कारण नाही.

आणखी एक मार्ग लेखकांच्या स्वतःच्या हाती आहे. जाहीर सूचना देऊन लेखकाला आपला हक्क, सर्व किंवा काही, सोडून देता येतो. २०१२ पासून ही रीत सोपी झाली आहे. आपल्यापैकी अनेक शिक्षक विज्ञानावर लिहितात, प्रयोगपुस्तिका काढतात. आवृत्ती संपल्यावर पाच-दहा वर्षांनी आपले पुस्तक सर्वांना मोकळे असेल, एवढी ओळ पहिल्या पानावर छापायला खर्च येत नाही. प्रकाशकाशी करार करताना मात्र ती अट आधीच घालून घ्यावी, कारण हक्क एकदा दिल्यावर सोडण्यासारखे आपल्याकडे काही उरत नाही. आणि शाळेच्या कपाटात १९६० च्या आसपासची पुस्तके असतील, तर त्यांची यादी करून लेखक आणि प्रकाशक यांची नावे लिहून ठेवावीत. वारसांचा शोध आजच घेतला तर लागण्याचा संभव आहे. आणखी वीस वर्षांनी ती नावे सांगणारेही कोणी उरणार नाही.